मॅरेथॉनची वेळ आणि वयाचा हिशेब

पहाटे रस्त्यावर धावणारा म्हणजे पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारा तरुण, ही समजूत आता जुनी झाली आहे. मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या गावांतही पन्नाशी ओलांडलेला एखादा शिक्षक, व्यापारी वा बागायतदार धावताना दिसला तर कोणी थबकत नाही. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून जानेवारीतल्या त्या रविवारचे स्वप्न जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले आहे. स्वप्नाला हरकत नाही. हरकत आहे ती त्याला डकवलेल्या वेळेला. 'चार तासांच्या आत' हा संकल्प बहुधा आकडा गोल आहे किंवा कोणा मित्राने तो साधला आहे एवढ्यावरच केलेला असतो.

वय हा केवळ आकडा आहे, हे वाक्य सत्कारसमारंभात शोभते. रक्तवाहिन्यांना ते ठाऊक नसते. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायामाने ही घट पुष्कळशी मंदावते, पण थांबत नाही. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ साली वयाच्या ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. २०१६ साली ८५ व्या वर्षी त्यांना ३ तास ५६ मिनिटे लागली. दोन्ही कामगिऱ्या अलौकिकच. परंतु दांडगा सराव असलेल्या या धावपटूलाही बारा वर्षांनी तासाभराची किंमत मोजावी लागली. मग चाळिशीत केलेली वेळ साठीतही टिकवू पाहणाऱ्या हौशी धावपटूने कोणाशी स्पर्धा मांडली आहे?

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. पीट रीगेल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एक सूत्र मांडले. त्यानुसार अर्धमॅरेथॉनच्या अलीकडच्या वेळेला सुमारे २.०८५ ने गुणले की पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. ज्याला अर्धे अंतर सव्वादोन तास लागते, त्याचा अंदाज ४ तास ४१ मिनिटे निघतो. तोही पुरेसा लांबचा सराव झाला असेल तरच. हौशी माणसाच्या बाबतीत हे सूत्र उदारच ठरते, कारण तीस किलोमीटरच्या आसपास स्नायूंतील साखरेचा साठा संपत येतो आणि पाय शिशाचे होतात. तेव्हा पाच तासांचे लक्ष्य ठेवणे हा भित्रेपणा नव्हे. त्यातही 'अलीकडची' हा शब्द महत्त्वाचा. दहा वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, हिशेबात नाही.

नामपूरकरांच्या हिशेबात आणखी दोन रकमा धराव्या लागतात. पहिली हवेची. बागलाणच्या कोरड्या, थंड पहाटे जमणारा वेग मुंबईच्या दमट हवेत जमेलच असे नाही, आणि परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ उभा असतो. दुसरी रक्कम शेतीची. शर्यतीपूर्वीचे तीन-चार महिने म्हणजे लाल कांद्याच्या काढणीचे आणि पुढे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. दिवसभर शेतात वाकलेल्या देहाचा थकवा सरावाच्या वहीत कोणी लिहीत नाही. गुडघा मात्र त्याची नोंद ठेवतो. पंचविशीत एका दिवसात भरून निघणारी झीज साठीत दोन-तीन दिवस मागते. म्हणून शहरी तरुणासाठी आखलेले आठवड्याचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्यात शहाणपण नाही.

त्याहून गंभीर बाब हृदयाची. मध्यम वयानंतर श्रमाच्या वेळी ओढवणाऱ्या आकस्मिक मृत्यूंमागे बहुतेकदा हृदयधमन्यांचा विकार असतो, आणि तो निमूटपणे वाढतो. नाव नोंदविण्यापूर्वी रक्तदाब, रक्तातील साखर, हृदयाचा आलेख आणि डॉक्टरांनी सुचविल्यास श्रमचाचणी एवढे झालेच पाहिजे. महागडे बूट घेणारे पुष्कळ असतात; ही तपासणी 'नंतर पाहू' म्हणून राहते.

शिवाय अंतर बेचाळीस किलोमीटरच असले पाहिजे असा दंडक कोणी घातला? बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारीत अनवाणी धावून जिंकलेल्या लता करे यांच्या आयुष्यावर २०२० साली चित्रपट आला. त्यांची शर्यत तीन किलोमीटरची होती. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. नामपूरच्या साठीतल्या धावपटूवर तसली निकड नाही. यंदा अर्धमॅरेथॉन, कांदा लागवड आटोपल्यावर विश्रांती आणि सांधे साथ देत असतील तर पुढल्या वर्षी पूर्ण अंतर, असा दोन वर्षांचा बेत त्याला निवांत आखता येतो.