आतलं तापमान

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरशेजारी उभा होतो. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमधून चिलिंग प्लँटचं ब्राइन फिरत होतं, आत थेंबाथेंबाने ॲडिशन चालू होतं. जॅकेटचा आकडा एक, आतला दुसरा. लॉगबुकात तो दोन्ही लिहायचा, पण व्हॉल्व्हवरचा हात चालायचा तो आतल्या आकड्यावर. "दोन डिग्री चढली ना साहेब, तर माल बदलतो," तो म्हणाला.

मला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आठवलं. तिथेही आतल्या आकड्यावरच लक्ष असायचं: जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड द्रव फिरणाऱ्या आवरणात ठेवायचं, गुदद्वारातला सेन्सर ३३.५ अंश दाखवेल असं बघायचं, तेही सलग ७२ तास. या गारव्याच्या 'हेलिक्स' चाचणीचं ते रुग्णालय एक केंद्र होतं.

गुदमरण्याने झालेली इजा त्या क्षणी थांबत नाही. रक्त पुन्हा खेळू लागलं की पेशी सावरल्यासारख्या दिसतात आणि काही तासांनी त्यांची ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळते. ग्लुटामेट साचतं, कॅल्शियम पेशीत घुसतं, सूज येते. जन्मानंतर सहा तासांच्या आत गारवा दिला तर या सगळ्याच क्रिया मंदावतात. औषध बहुधा त्यातली एखादीच अडवतं.

म्हणूनच औषध शोधणाऱ्यांनी थर्मामीटरला घाबरून असावं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेल्या जर्बिलांचा (उंदरासारख्या प्राण्यांचा) मेंदू एमके-८०१ हे औषध वाचवतं असं वाटत होतं. १९९० मध्ये ब्यूकन आणि पुल्सिनेली यांनी औषध देऊन त्या प्राण्यांना उबदार ठेवलं, तर फायदा नाहीसा झाला. औषधाने अंग गार पडत होतं आणि मेंदू वाचत होता तो त्या गारव्याने. शिवाय गारव्याने औषधाची मात्राही चुकते: गार शरीरात यकृत मॉर्फिन सावकाश मोडतं. नेहमीच्या मात्रेने ते साचत जातं.

हेलिक्समध्ये भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं होती. निकाल २०२१ मध्ये आला: थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. श्रीमंत देशांत जीव वाचवणारा उपचार इथे उलटला. इथल्या बाळांची इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, हा संशोधकांचा एक तर्क मला पटतो. तसं असेल तर सहा तासांची ती संधी जन्माआधीच निघून गेलेली असते. आता जे औषध येईल त्याची परीक्षा इथल्याच रुग्णालयांच्या वॉर्डांत व्हावी, आणि औषध न मिळालेल्या बाळांनाही ताप चढणार नाही याची तितकीच राखण व्हावी. नाहीतर तापाने केलेलं नुकसान औषधाच्या यशात मोजलं जाईल.