रोहित मत्स्य : ग्रंथातील आणि बाजारातील

मांसवर्गातील द्रव्यांकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष एकंदरीत कमीच असते. शाकाहारी घरातून आलेला वैद्य 'मासे बंद' असे सांगून मोकळा होतो आणि मांसाहारी घरातून आलेला 'मासा पचायला हलका, खात जा' असे सांगून मोकळा होतो. दोन्ही वेळा रुग्णाच्या हाती काहीच पडत नाही, कारण कोणता मासा, कोणत्या पाण्यातला, किती आणि कशाबरोबर, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात. गुळवेल घेताना ती कोणत्या झाडावर चढली होती याची चौकशी करणारे आपण, आहारद्रव्याच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर समाधान मानतो. ही ढिलाई आमच्याही हातून घडली, आणि तिची किंमत एका रुग्णाला मोजावी लागली. म्हणून हा विषय घेत आहोत.

आमचा व्यवसाय भंडारा जिल्ह्यात आहे. हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव येथे गावोगाव आहेत आणि ढिवर बांधवांच्या संस्था त्यांत रोहू, कतला, मृगल यांचे बीज सोडतात. काही वर्षांपूर्वी प्रमेहाचा एक रुग्ण आमच्याकडे होता. वय बावन्न, धानाची शेती, वजन उतरलेले, पिंडिकोद्वेष्टन आणि दौर्बल्य ही लक्षणे प्रधान. औषधांबरोबर आम्ही त्यास आठवड्यातून दोन वेळा रोहूचा पातळ रस्सा घेण्यास सांगितले आणि सहज पुस्ती जोडली, "माशांत रोहू श्रेष्ठ, असे आपल्या शास्त्रातच आहे."

भाद्रपदात हा गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात आला. दोन दिवस उलट्या, पोटात मुरडा, पातळ मळप्रवृत्ती. मुलाला वाटले, मासा शिळा असावा. मूत्रप्रवृत्तीविषयी विचारले तेव्हा आदल्या रात्रीपासून ती जवळजवळ नव्हतीच असे कळले. मग खोदून विचारले. शेजाऱ्याने सांगितले होते की वैद्याने रोहू खायला सांगितला आहे, तर त्याचे पित्तच गिळ, साखर उतरेल. त्याने दोन माशांच्या पित्ताच्या पिशव्या कच्च्याच पाण्याबरोबर गिळल्या होत्या. त्यास त्याच तासाला नागपूरला रवाना केले. तेथे अनेक वेळा डायलिसिस करावे लागले, आणि तीन आठवड्यांनी मूत्रपिंडे पूर्ववत काम करू लागली. परत भेटीस आला तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो एवढेच म्हणाला, "साहेब, रोहू तुम्हीच सांगितला होता."

ग्रंथोक्त रोहित

आम्ही जे सांगितले ते खोटे नव्हते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्या त्या वर्गातील पथ्यतम द्रव्ये सांगताना मत्स्यांमध्ये रोहिताचे नाव घेतले आहे. परंतु श्रेष्ठत्वाचे कारण सत्ताविसाव्या अध्यायात आहे, आणि ते बहुधा वाचले जात नाही. रोहित दीपनीय, लघुपाकी व बल्य आहे तो दोन हेतूंमुळे : तो शैवाल खातो, आणि निद्रा वर्ज्य करून सतत हिंडत राहतो. आहार आणि विहार यांवरून मांसाचे गुण ठरतात हा सर्व मांसवर्गाला लागू असलेला सिद्धांतच येथे माशाला लावला आहे. एरवी सर्वसामान्य मत्स्यमांस हे गुरू, उष्ण, स्निग्ध, बृंहण, वातहर आणि बहुदोषकारक. ज्या चरकसंहितेत रोहित पथ्यतम आहे, तिच्याच पाचव्या अध्यायात नित्य सेवन करू नये अशा पदार्थांत दही आणि उडीद यांच्या पंक्तीला मासे बसविलेले आहेत. म्हणजे श्रेष्ठ म्हणजे वर्गातील श्रेष्ठ, रोजचा नव्हे.

सुश्रुताचार्य नादेय आणि सामुद्र असे दोन भेद करतात व नादेयांत रोहित घेतात. त्यांच्या मते तो शष्प व शैवाल खाणारा, कषाय अनुरसाचा, वायूचे हरण करणारा आणि पित्ताचा अतिप्रकोप न करणारा. नदीतले मासे मुख व पुच्छ यांच्या जोरावर चालतात म्हणून त्यांचा मध्यभाग गुरू, तर तळ्यातल्या माशांचे शिर विशेष लघू, असा अवयवभेदही त्यांनी नोंदविला आहे. पथ्य लिहिताना 'मासा' एवढेच न लिहिता कोणता तुकडा हेही लिहिता येते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते?

आणखी एक स्थळ फार महत्त्वाचे वाटते. मत्स्यांतील अपथ्यतम म्हणून चरकांनी चिलिचिम सांगितला आहे. त्याचे वर्णन करताना तो खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, अंगभर तांबड्या रेषा असलेला, बहुधा भूमीवर संचार करणारा आणि रोहितासारख्या आकाराचा असतो, असे म्हटले आहे. सर्वोत्तम आणि सर्वाधम द्रव्य एकमेकांसारखे दिसते! संदिग्ध द्रव्यांच्या फसवणुकीला सरावलेल्या फार्मसीमालकांना याचे नवल वाटणार नाही.

बाजारातील रोहू

रोहू, म्हणजे लेबिओ रोहिता, हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रादी उत्तरेकडील नद्यांचा मासा. पावसाळ्यात नदीच्या पुराच्या पाण्यात तो अंडी घालतो. साठलेल्या तळ्यात आपसूक प्रजनन करीत नाही. त्यामुळे पूर्वी नदीतून बीज गोळा करावे लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि तळ्यातील मत्स्यशेतीचा मार्ग मोकळा झाला. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने झपाट्याने वाढणारा 'जयंती रोहू' सिद्ध केला. आज आपल्याकडील मोठ्या शहरांत बर्फात येणाऱ्या रोहूचा मोठा भाग आंध्रातील कोल्लेरू परिसर व गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यातील तळ्यांतला असतो.

तळ्यात पाळलेल्या या रोहूला भाताचा कोंडा आणि पेंड घालतात. शैवाल तो खातोच, पण पोट मुख्यत्वे खाद्यावर भरते. आणि दाटीच्या तळ्यात नदीतल्यासारखे हिंडणेही नाही. ज्या दोन हेतूंवर आचार्यांनी लघुपाकित्व उभारले ते दोन्ही येथे दुबळे झाले आहेत. म्हणून हा मासा टाकाऊ ठरत नाही. परंतु मंदाग्नी असलेल्या ज्वरमुक्त रुग्णाला रोहू सांगताना आम्ही नदीचा किंवा खाद्य न घालता वाढविलेल्या जुन्या तलावाचा मासा मिळत असेल तर तो सुचवितो, आणि तळ्यातला असेल तर पोटाकडील मेदुर भाग काढून टाकण्यास सांगतो.

आधुनिक पोषणशास्त्राच्या दृष्टीने पाहता १०० ग्रॅम रोहूमध्ये सुमारे १६ ते १७ ग्रॅम प्रथिने, दीड ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि सुमारे १०० किलोकॅलरी असतात. खाद्यावर वाढविलेल्या माशात स्निग्धांश अधिक भरतो. प्रथिने उत्तम प्रतीची, तंतू आखूड, म्हणून वृद्धांना व आजारातून उठलेल्यांना सोयीची. मात्र हृद्रोग्याला 'ओमेगा-३ साठी मासा खा' असे सांगून रोहूकडे पाठविणे बरोबर नाही. त्या बाबतीत बांगडा आणि तारली रोहूच्या पुष्कळ पुढे आहेत. काटे टाकून खाल्लेल्या मांसातून कॅल्शियमची मोठी अपेक्षाही ठेवू नये.

आता निवडीविषयी. प्रथम मासा रोहूच आहे ना, हे पाहावे. कतल्याचे डोके भले थोरले आणि तोंड वर वळलेले. मृगल लांबट, पातळ ओठांचा, तळाशी चरणारा. रोहूचे डोके त्या मानाने लहान, तोंड खाली वळलेले, ओठ जाड व झालरीसारखे, आणि खवल्यांवर तांबूस छटा. कापलेले तुकडे घेतले की ही सर्व लक्षणे हरवतात, म्हणून अख्खा मासा पाहून समोर कापून घ्यावा. ताज्या माशाचे डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लालभडक, खवले घट्ट, आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. पोट फुगलेले किंवा फाटलेले नको. वास शेवाळी पाण्याचा यावा. अमोनियाचा, झणझणीत येऊ नये. चिखलाचा वास हा कुजल्याचा नसून तळ्यातील सूक्ष्म शैवालवर्गीय जिवाणूंमुळे येतो. तो अरुचिकर असला तरी घातक नाही. वजन एक ते दीड किलोच्या दरम्यान बरे. लहान माशात बारीक दुफाट्या काट्यांचा त्रास फार, आणि तो लहान मुलांना व दात गेलेल्या वृद्धांना देणे धोक्याचे.

फॉर्मेलिनचा प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात परराज्यांतून आलेल्या माशांवरून मोठी खळबळ उडाली होती. येथे नेहमीच्या खुणा फसवतात, कारण फॉर्मेलिन लावलेला मासा कडक राहतो. डोळे निस्तेज, कल्ले फिके, पण अंग मात्र ताठ आणि माशीही बसत नाही, अशी विसंगती दिसली की तो घेऊ नये. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची सोपी चाचणी काढली आहे. शहरातील सांडपाणी ज्या तळ्यात मिसळते तेथला मासा तर कितीही ताजा असो, वर्ज्यच समजावा.

पित्ताविषयी

माशाचे पित्त हा या लेखातील सर्वांत गंभीर भाग आहे. रोहू व गवत्या मासा यांसारख्या कार्प कुळातील माशांच्या पित्तात सायप्रिनॉल वर्गातील विषारी घटक असतात. कच्चे पित्त पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या, शूल, अतिसार सुरू होतात. ते ओसरले असे वाटत असतानाच दोन-तीन दिवसांत मूत्राघात आणि कधी कधी यकृताची हानी दिसू लागते. शिजविल्यानेही हे विष नष्ट होत नाही. दृष्टी सुधारणे, दमा, मधुमेह, संधिवात अशा नावांखाली हे पित्त गिळण्याची समजूत आपल्या देशात व शेजारच्या देशांत आढळते, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी आल्या आहेत. यावर उतारा नाही. वेळेत डायलिसिस मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून वमन-अतिसारानंतर मूत्र कमी झालेला मत्स्याहारी रुग्ण आला, तर पित्त गिळले काय, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. रुग्ण आपण होऊन सांगत नाही.

येथे फार्मसीमालकांसाठी दोन शब्द. रसग्रंथांतील पित्तपंचकात रोहित मत्स्याचे पित्त आहे आणि काही रसकल्पांना त्याच्या भावना सांगितल्या आहेत. भावना हा मात्रा व संस्कार यांनी बांधलेला कल्पनाविधी आहे. त्याचा दाखला देऊन कोणी कच्चे किंवा वाळविलेले मत्स्यपित्त मागू लागला, तर ते सुटे देऊ नये. 'शास्त्रात आहे' हे वाक्य दुकानाच्या फळीवरून ग्राहकाच्या घरी जाईपर्यंत त्याचा अर्थ किती बदलतो, हे आम्ही पाहिले आहे.

संयोग आणि अनुपान

मासे आणि दूध हा विरुद्धाहार सर्वांना पाठ आहे. आत्रेय-भद्रकाप्यीय अध्यायातील वादही स्मरत असेल : चिलिचिम सोडून इतर मासे दुधाबरोबर घ्यावेत, हा भद्रकाप्याचा पक्ष आणि कोणताच घेऊ नये, हा आत्रेयांचा निर्णय. परंतु प्रत्यक्षात विरोध घडवितो तो बहुधा रुग्ण नसून आपणच. रात्री निजताना दुधातून अश्वगंधा किंवा शतावरी, आणि त्याच रात्रीच्या जेवणात आपणच सुचविलेला मासा! आम्ही आमचे जुने केसपेपर चाळले तेव्हा अशा जोड्या लाजिरवाण्या संख्येने सापडल्या. आता मासा दुपारच्या जेवणात आणि त्या दिवशीचे अनुपान कोमट पाणी, असा पालट करतो. त्याच अध्यायात मासे तळलेल्या स्नेहात सिद्ध केलेल्या पिंपळीचा कडक निषेध आहे. त्यावरून आम्ही तळणीचे तेल पुन्हा न वापरण्याची सूचना देतो, आणि तळण्यापेक्षा आले, हळद, मिरी घालून केलेला पातळ रस्साच सांगतो.

कुष्ठ, शीतपित्त, रक्तपित्त, अम्लपित्त, वातरक्त आणि नवप्रतिश्याय यांत रोहू देऊ नये. वातव्याधी, क्षय, धातुक्षीण स्त्रिया आणि दीर्घ ज्वरानंतरचे दौर्बल्य यांत अग्नी पाहून द्यावा. वर्षाऋतूत अग्निमांद्य असते आणि माशांचा तो प्रजननकाळही असतो. त्या महिन्यांत आम्ही मासा सहसा लिहीत नाही.

त्या रुग्णानंतर आमच्या पथ्याच्या चिठ्ठीवर 'रोहू श्रेष्ठ' हे शब्द येत नाहीत. आता मजकूर असा असतो : रोहू, सुमारे एक किलोचा, अख्खा पाहून घेतलेला, शंभर ग्रॅमचा एक तुकडा, आठवड्यातून दोन वेळा, दुपारी, पातळ रश्शात, त्या दिवशी दूध व दही नाही, पित्ताची पिशवी न फोडता काढून पुरून टाकावी, कोणीही सांगितले तरी खाऊ नये. शेवटची ओळ लाल शाईने लिहितो आणि रुग्णाकडून मोठ्याने वाचून घेतो.