खालचा सूर लावताना घसा सांभाळा

१४ एप्रिल जवळ आला की आपट्यात कराओके ट्रॅकवर भीमगीतांच्या तालमी सुरू होतात. खालच्या सुराला मुली हनुवटी छातीशी टेकवून घसा दाबतात. मागे एका ताईंचा आवाज ऐन जयंतीला बसला. खालच्या सुरात स्वरतंतू आखूड, जाड, सैल होऊन संथ कंप पावतात. जोर लावला की ते आवळतात, सूर निसटतो. मान सरळ, आवाज बोलण्याइतकाच ठेवा; बारीक वाटला तर माईक ओठांजवळ घ्या. ट्रॅक पुरुषाच्या पट्टीतला असेल तर दोन-तीन सूर चढवून घ्या, त्यात कमीपणा कसला? प्रत्येक गळ्याला तळ असतोच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर खडीसाखर चघळत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्कीच.