पाळायच्या खुणा

आदिवासी आणि डोंगरी समाजांच्या चिन्हांवर लिहायचे तर एक मळलेली वाट तयार आहे. सूर्य म्हणजे तेज, नाग म्हणजे सुफलता, झाड म्हणजे जीवन, वाघ म्हणजे शक्ती, अशी जोड्यांची यादी करायची आणि मध्ये चार छायाचित्रे टाकायची. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड) ही यादी फार पुढे जात नाही. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसे या नद्यांच्या खोऱ्यांना हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ अशी जुनी नावे आहेत. इथली बहुतेक चिन्हे चित्रेच नाहीत. कुठे अनघड दगड, कुठे झाडाची डहाळी, कुठे कुऱ्हाड न लागलेले रान, कुठे बोटभर चांदीचा पत्रा. त्यांच्याकडे नुसते पाहून अर्थ कळत नाही, कारण तो त्यांच्यावर कोरलेलाच नाही. अशा चिन्हाचा अर्थ त्याच्यामुळे कोणावर काय करण्याचे आणि काय न करण्याचे बंधन येते यात असतो, आणि ते बंधन सुटले की जागेवर दगड तेवढा उरतो, हे या लेखाचे म्हणणे आहे.

सुरुवात तांदळ्यापासून, म्हणजे देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या अनघड दगडापासून, करू. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, पानशेतजवळच्या शिरकोलीत शिरकाई, भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात वाघजाई, केंजळगडावर केंजाई. या परिसरात डोंगराचा खांदा आणि घाटाचे तोंड देवीवाचून क्वचितच सापडते. राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात मूर्ती आहेत, तरी शेंदूर माखलेला तांदळा हीच मूळ पद्मावती असे मानतात. तांदळ्याला नाक-डोळे नसतात. असले तर ते नंतर बसवलेले चांदीचे डोळे. दोन गावच्या दोन देवींचे तांदळे शेजारी ठेवले तर कोणती कोणाची हे परक्याला सांगता येणार नाही. गावकऱ्याला मात्र शंका नसते. पालखी कोणत्या दिवशी निघते, पहिला मान कोणत्या घराचा, पेरणीआधी कोण नारळ ठेवतो, घाट चढण्याआधी कोण थांबतो, यावरून देवी ओळखू येते. रूप दिसले नाही म्हणून काही अडत नाही, याचा ठळक दाखला या भागाबाहेरचा आहे. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड थर 2022 मध्ये काढला गेला तेव्हा खालची कोरीव मूर्ती स्पष्ट दिसली. मधल्या पिढ्यांनी ते मूळ रूप न पाहताच नवस फेडले होते.

देवराईत हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सह्याद्रीच्या या पट्ट्यातली रानेही त्यांच्यासमोर होती. देवराईला कुंपण नसते, बहुतेक ठिकाणी पाटीही नसते. आत गारंबीच्या मनगटाएवढ्या वेली असतात, पालापाचोळ्याचा जाड थर असतो, मधोमध उघड्यावर किंवा छोट्या छपराखाली देव असतो. शेजारचा डोंगर उघडा आणि हा तुकडा गर्द, एवढीच काय ती खूण. पण ती खूण तयार होते नियमांमधून. हिरवे झाड तोडायचे नाही, वाळके लाकूड घरच्या चुलीसाठी न्यायचे नाही, देवाच्या कामाला झाड लागलेच तर आधी कौल मागायचा. कौल म्हणजे देवाला लावलेल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे, आणि आधी ठरवलेली बाजू. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नियम गावागावांत थोडे वेगळे असतात. काही ठिकाणी पडलेले फळही उचलत नाहीत. हे नियम वजा केले तर उरतात ती सरकारी मोजणीतली काही गुंठे झाडी.

घरातली चिन्हेही अशीच आहेत. देवक घ्या. कोणाचा कळंब, कोणाचे मोरपीस, कोणाची पंचपालवी, अशा कुळाकुळांच्या देवकांच्या याद्या एन्थोव्हेन यांच्या 1920 ते 22 मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींच्या ग्रंथात आहेत. या याद्या वाचून कळंब म्हणजे काय हे समजत नाही. समजते ते लग्नाच्या आदल्या दिवशी. यजमान नवराबायकोच्या उपरण्या-पदराची गाठ मारलेली असते, त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड आणि तिच्या हातात पूजेचे ताट असते, वाजंत्री पुढे असते, आणि मारुतीच्या देवळातून डहाळ्या आणून मांडवाच्या मुहूर्तमेढीला बांधतात. एरवी ते झाड तोडायचे नाही आणि एका देवकात सोयरीक करायची नाही, हे जुने बंधन. म्हणजे ही डहाळी कोणाशी लग्न होऊ शकते हे सांगते. देव्हाऱ्यातला टाकही असाच. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, घरातला वीर, असे ठोकलेले चांदीचे पत्रे. भाऊ वेगळे झाले की नवे टाक करावे लागतात, शुभकार्यानंतर देव जेजुरीला भेटीला न्यावे लागतात. घर कोणाचे, थोरला कोण, देणे कोणाचे राहिले, हा सगळा हिशेब या बोटभर पत्र्यांवर चालतो.

इथे एक रास्त हरकत येते. सगळी चिन्हे मुकी नसतात. भैरवनाथाच्या देवळापुढे ओळीने उभे असलेले वीरगळ तर सरळ वाचता येतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, बहुधा शेजारी गाई, म्हणजे गोधन राखताना आलेले मरण. त्यावर लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला उभा हात. सेट्टर आणि सोन्थायमर यांनी 1982 मध्ये संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरच्या ग्रंथात या परंपरेचा देशभरचा पट मांडलेला आहे. वाचता येते हे खरे. पण ज्यांनी ती शिळा शतकानुशतके सांभाळली त्यांपैकी बहुतेकांना हे वाचन माहीत नव्हते. वीराचे नाव गेले, लढाई विसरली, तरी अमावास्येला शेंदूर-तेल चालू राहिले. ज्या गावी तेही थांबले तिथे वीरगळ पायरीला किंवा धुणे आपटायला गेला, आणि त्यावरचे कोरीव चंद्रसूर्य त्याला वाचवू शकले नाहीत. उलट्या बाजूचा पुरावा नसरापूरच्या बनेश्वराचा. तिथल्या घंटेवर क्रूस आणि 1683 हे साल आहे. ती पोर्तुगीज बनावटीची. मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेतून अशा घंटा घाटावर आल्या. क्रूसाचा अर्थ शोधायला कोशात जावे लागत नाही, तरीही ती घंटा महादेवापुढे वाजते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. कोरलेला अर्थ आणि पाळला जाणारा अर्थ यांची गाठ पडली तेव्हा दुसरा टिकला.

चिन्ह बंधनातून सुटले की काय होते हे पाहायला उत्तरेकडे पालघरला जावे लागेल. वारली लग्नातला देवचौक सवाशिणींनी काढायचा, मध्ये पालघट देवी, आणि तो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. 1970च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा मोठा चित्रकार त्यातून पुढे आला, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. हा लाभ मोठाच आहे. पण महामार्गावरच्या हॉटेलाच्या भिंतीवर फेर धरणाऱ्या त्याच त्रिकोणी माणसांमुळे कोणाचेही लग्न लागत नाही किंवा अडत नाही. ऑस्ट्रेलियात हा प्रश्न न्यायालयात गेला. तिथल्या 1988च्या दहा डॉलरच्या नोटेवर आदिवासींच्या पहाटताऱ्याच्या पवित्र खांबाची आकृती छापली गेली. तो खांब घडवण्याचा अधिकार कलाकार टेरी युम्बुलुल यांना होता. नोटेवर छापू देण्याचा अधिकार त्यांना नव्हता असे त्यांच्या कुळाचे म्हणणे पडले. 1991च्या निकालात न्यायाधीशांनी कबूल केले की समूहाची ही जबाबदारी ओळखायला प्रचलित कायदा पुरेसा नाही. कायद्याला आकृतीचा मालक कळतो, तिचा राखणदार कळत नाही.

दुसरी हरकत अशी की भोर-वेल्ह्यातले मराठे आणि धनगर यांच्या चालीरीतींना आदिवासी चिन्हे म्हणणे ताणलेले आहे. प्रशासकीय व्याख्येत हे बरोबर आहे. पण दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी फिरून दाखवले की शेंदरी दगडांच्या देवी जुन्या पायवाटांवर आणि चौरस्त्यांवर बसलेल्या आहेत, तिथे सूक्ष्म अश्मास्त्रेही सापडतात. त्यांचे हे लेखन 1962च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये आहे. सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवांमधून रान आणि गाव यांची सतत चाललेली देवघेव मांडली. जातीच्या दाखल्याने या खुणांची वाटणी होत नाही. आणि हीच चर्चा खऱ्या अडचणीकडे नेते. याच तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अतिअसुरक्षित आदिवासी गटांत गणलेला हा समाज रान सर्वांत जवळून ओळखतो. गावदेवीच्या मानपानात मात्र मान ठरलेल्या घराण्यांचे असतात. अर्थ बंधनांत असेल, तर ती बंधने कोणी घातली आणि कोणाला वगळून घातली, हे विचारलेच पाहिजे.

म्हणून तिसरी हरकत सर्वांत जड. नियम पाळल्याने चिन्ह जगते असे म्हणणे म्हणजे पशुबळी, बाईला गाभाऱ्याबाहेर ठेवणे, जातीनुसार नेमलेली सेवा, या सगळ्याची भलामण नव्हे काय? नाही, कारण नियम बदलत आले आहेत आणि चिन्ह त्यातून टिकले आहे. शेंदूर हा रक्ताच्या जागी आला असे कोसंबींचे म्हणणे होते. आज कित्येक ठिकाणी बोकडाच्या जागी नारळ किंवा कोहळा आहे, तरी देवी तीच राहिली. सतीशिळेला हळदकुंकू वाहणाऱ्या गावात सती जाण्याची कल्पनाही कोणी करत नाही. बायकांना ज्या देवांना हात लावता येत नव्हता, त्या देवांशी त्या जात्यावर बोलत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या याची साक्ष देतात. नियम बदलणारी माणसे जोवर स्वतः त्या नियमाने बांधलेली असतात तोवर बदल पचतो. बाहेरून पैसा आणणारा आणि स्वतः काहीच न पाळणारा जेव्हा जीर्णोद्धार करतो, तेव्हा देवराईतली झाडे काढून सभामंडप उभा राहतो, तांदळ्यापुढे संगमरवरी मूर्ती बसते, आणि कौल मागण्याची गरजही उरत नाही.

भोर तालुक्यातल्या भाटघर धरणाच्या पाण्यात कांबरेश्वराचे देऊळ वर्षातला बहुतेक काळ बुडालेले असते आणि उन्हाळ्याअखेर उघडे पडते. त्या थोड्या दिवसांत लोक दर्शनाला जातात. धरणाने नित्यपूजा संपवली, तरी लोकांनी पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळवून नवा रिवाज घातला. तेव्हा नुसती जागा गेल्याने चिन्ह मरत नाही, हेही मान्य करावे लागते. जपणूक करायची तर नोंद कशाची करायची याचे उत्तर इथून मिळते. 2002च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या होऊ लागल्या. त्यांत देवराईतल्या झाडांची नावे येतात, कधी देवाचेही नाव येते. तिथे कौल कोण लावतो, झाड कोणत्या कारणासाठी आणि कोणाला विचारून तोडता येते, गेल्या पिढीत कोणता नियम सुटला, नवा कोणता आला, आणि वाडीवरच्या कातकऱ्यांचा त्यात काय हक्क आहे, हे रकाने त्या वहीत असले पाहिजेत. ते भरायला गावाला एकत्र बसावे लागेल आणि वादही होतील. सभामंडपाचा ठराव पास होण्याआधी झालेला असा वाद, चिन्हांच्या अर्थांच्या कोणत्याही यादीपेक्षा, देवराईच्या जास्त उपयोगी पडेल.