अमेरिकेचा अध्यक्ष ज्यांच्या एका मतावर ठरणार होता, ते न्यायाधीश ऐनवेळी बाहेर! कोण होते डेव्हिड डेव्हिस?

१८७६ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डन यांच्याकडे १८४ इलेक्टोरल मते, बहुमताला हवे फक्त आणखी एक. पण २० मतांवरून वाद पेटला. तोडगा म्हणून काँग्रेसने १५ जणांचा आयोग ठरवला. सात रिपब्लिकन, सात डेमोक्रॅट आणि पंधरावे, कुणाच्याच गोटातले न मानले जाणारे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस.

डेव्हिस मूळचे इलिनॉयमधले वकील. पुढे आमदार, मग सर्किट न्यायाधीश. त्यांच्या कोर्टात अब्राहम लिंकन वकिली करायचे. १८६०मध्ये लिंकन यांना उमेदवारी मिळवून देण्यात डेव्हिस आघाडीवर होते. १८६२मध्ये लिंकन यांनीच त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. तरीही १८६६च्या मिलिगन खटल्यात त्यांनी निकाल लिहिला: नेहमीची न्यायालये सुरू असताना सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येणार नाही. कारवाई लिंकन यांच्याच काळातली होती, हे विशेष.

जानेवारी १८७७मध्ये इलिनॉय विधिमंडळाने डेमोक्रॅट्सच्या पाठिंब्यावर डेव्हिस यांना सिनेटवर निवडले. इथेच डाव उलटला! डेव्हिस यांनी आयोगावर बसायला नकार दिला. त्यांच्या जागी रिपब्लिकन जोसेफ ब्रॅडली आले आणि सगळी २० मते ८-७ने रुदरफोर्ड हेस यांना गेली. हेस १८५, टिल्डन १८४. जनतेची जास्त मते मात्र टिल्डन यांनाच होती.

१८८१मध्ये अध्यक्ष गारफिल्ड यांच्या हत्येनंतर उपाध्यक्ष आर्थर अध्यक्ष झाले, उपाध्यक्षपद रिकामे राहिले. तेव्हा सिनेटचे हंगामी अध्यक्ष झालेल्या डेव्हिस यांचाच आर्थर यांच्यानंतर पहिला नंबर होता.