मतभेदाची लढाई केव्हा होते?

दोन पक्ष आणि दोन मते सगळ्याच देशांत असतात. मग एखाद्याच देशात भाऊ भावावर बंदूक का रोखतो? अमेरिकेचे यादवी युद्ध पाहा. त्याच्या मुळाशी आपल्या ओळखीचे पीक होते, कापूस.

१७९३ साली एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र बनवले. दक्षिणेत कापसाचा पेरा झपाट्याने वाढला. वेचणीला हात हवेत, ते होते गुलामांचे. १८६० साली तिथे सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. गुरांसारखी त्यांची खरेदी-विक्री होई, आणि मळेवाल्यांची संपत्ती त्यातच गुंतलेली होती. उत्तरेत गुलामगिरी संपत आली होती. नव्या मुलखात ती नको, असे तिकडच्या अनेकांचे म्हणणे होते.

१८२० आणि १८५० साली तडजोडी झाल्या. पण गुलामांना कोणी विचारले नाही. वरून पट्टी बांधली, आत पू तसाच राहिला.

दोन्ही भागांना बांधणारे धागेही तुटत गेले. मेथडिस्ट पंथ १८४४ साली फुटला, बॅप्टिस्ट १८४५ साली. १८५६ साली दक्षिण कॅरोलिनाचे खासदार प्रेस्टन ब्रुक्स यांनी गुलामगिरीविरोधी चार्ल्स समनर यांना सिनेटच्या सभागृहातच काठीने बेदम मारले. त्यांच्या चाहत्यांनी त्यांना नव्या काठ्या भेट पाठवल्या! १८६० साली डेमोक्रॅटिक पक्षही दुभंगला. दोन्हीकडे ज्याचा शब्द चालेल असा कोणी उरला नाही.

त्याच वर्षी लिंकन निवडून आले. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, पण पसरू देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. दक्षिणेला तेवढेही सोसले नाही. त्यांनी सूत्रे हाती घेण्याआधीच सात राज्ये फुटून निघाली. १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा धडाडल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे गेली. गुलामगिरी संपली, पण एवढ्या रक्तानंतर.

त्याची झळ आपल्यापर्यंत आली. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला भाव चढला. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळला.

यातून काय घ्यावे? अन्याय झाकून सलोखा टिकत नाही. आणि मतमोजणीचा कौल हरलेल्याने मानला नाही, तर पुढे बंदूकच बोलते. गावच्या निवडणुकीतही हे ध्यानात ठेवावे. हरलेल्याने निकाल मानावा, जिंकलेल्याने कोणाची वाट वा पाणी अडवू नये, आणि एकमेकांच्या सुखदुःखाला जाणे दोघांनीही सोडू नये.