कोकराच्या वजनाची रेघ

ऊसतोड उरकली की कसबा बावड्यात पंचगंगेकाठच्या रानांत बकरी बसतात. इकडे मेंढरांना बकरीच म्हणायची रीत. किती रात्री बसवायची ते धनगराशी ठरतं. रानाला लेंडीखत मिळतं, कळपाला उसाचं उरलेलं वाडं. यंदा माघात आमच्या रानात सांगोल्याकडच्या धनगरांचा वाडा उतरला, तेव्हा मी ताणकाटा आणि गोणपाट घेऊन गेलो. वाघरीच्या जाळीतलं एक काळं कोकरू गोणपाटात घालून काट्याला अडकवलं. चारी पाय बाहेर लोंबत होते, ओरडून त्यानं रान डोक्यावर घेतलं. ते शांत झालं तेव्हा काटा साडेआठ किलोंवर थांबला.

“दीड म्हैन्याचं आसंल. एकलंच झाल्यालं,” वाड्यातले म्हातारबाबा म्हणाले.

वजन, वय आणि एकलं की जुळं. कोकराच्या वाढीचं सगळं गणित या तीन गोष्टींवर उभं राहतं.

दख्खनी कोकरू जन्मतं ते साधारण तीन किलोंचं. पुढं दर महिन्याला वजन करून ठिपके मांडले तर रेघ आधी उभी चढते आणि मग हळूहळू वाकते. ती सूत्रात बसवायला बरेचदा वापरलं जातं ते गॉम्पर्ट्झचं समीकरण. बेंजामिन गॉम्पर्ट्झ लंडनचा विमागणिती. १८२५ साली त्यानं माणसांच्या मृत्यूचा नियम मांडला. तोच पुढं जनावरांच्या वाढीला लागू पडला. या समीकरणाप्रमाणे पूर्ण वाढीच्या सुमारे ३७ टक्के वजन झालं की रोजची वाढ सर्वाधिक असते, मग उतरायला लागते. दख्खनी नर ३८ किलोंच्या आसपास भरतो असं धरलं तर हा टप्पा १४ किलोंवर येतो, म्हणजे बेताच्या चरणीवर साधारण तीन-चार महिन्यांनी. आमच्याकडचे धनगर नर कोकरं नेमकी याच वयात विकतात. समीकरण न शिकता त्यांना हे साधलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हे समीकरण वयावर चालतं आणि सांगोल्याकडच्या माणदेशातलं कोकरू पावसावर. पाऊस झाला की माळ हिरवा होतो, आईला दूध सुटतं. चैत्र-वैशाखात गवताची काडी होते. चारा पोटात आंबताना उष्णता निघते, म्हणून कडक उन्हात मेंढी खाणंच कमी करते. धापा टाकण्यात आणि पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालण्यात उरलीसुरली ताकद जाते. वाढ थबकते, कधी वजन घटतंही. मृगाच्या सरींनंतर तेच कोकरू राहिलेली वाढ झपाट्यानं भरून काढतं. रेघ नितळ न राहता तिला पायऱ्या पडतात. म्हणून कोरड्या मुलखासाठी सूत्र बसवताना जन्माचा महिना आणि ऋतूचा चढउतार त्यात घालावा लागतो. कार्तिकातलं कोकरू आणि फाल्गुनातलं कोकरू एकाच रेघेवर मोजणं हा दोघांवर अन्याय आहे.

दुसरी अडचण मला त्याहून गंभीर वाटते. चांगलं वाढलेलं कोकरू आधी विकलं जातं. मागं राहतात ती मंद वाढलेली, आणि सहाव्या-नवव्या महिन्याची वजनं मिळतात ती त्यांचीच. रेघेचं वरचं टोक त्यामुळं खोटं बोलतं. शिवाय त्या मागं राहिलेल्यांतलाच एखादा नर पैदाशीला लागतो आणि दरवर्षी कळपातून वाढीचा गुण थोडा थोडा गळत जातो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढ्यांच्या वजनांच्या नोंदी कळप राखून ठेवल्या जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या चिमुकल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणला. तीच ‘नारी सुवर्णा’. जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात आणि आईचं दूध वाटून पितात, त्यामुळं त्यांची रेघ वेगळी काढावी लागते. दोघांचं मिळून वजन एकट्यापेक्षा जास्त भरलं तरच मेंढपाळाचा फायदा. मेंढपाळांच्या कळपातही काम करायची या संस्थेची पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण वाढीची खरी परीक्षा माळावरच होते.

चौथ्या दिवशी वाडा हलायच्या आधी व्यापारी आला. सहा नर त्यानं उचलले. काळ्या कोकराकडं हात गेला तेव्हा म्हातारबाबांनी ते मागं ओढलं.

“ह्येच्या आईला दूध दांडगं हाय. ह्यो कळपाला ठेवायचा.”

आणि कमरेच्या पिशवीतून लाल दोरा काढून त्यांनी त्याच्या गळ्यात बांधला.